अळीचा रूट कॉज

चाकणच्या एका कंपनीत मी अठरा वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. हातात गेज आणि डोक्यात संशय, एवढ्यावर संसार केला. मग कंपनीने गोड बोलून घरी पाठवलं आणि मला शेतीची अवदसा आठवली.

शेत माझं नव्हतं. तळेगावकडच्या एका गावातल्या मावशींचं होतं. त्यांची बाकीची जमीन कारखान्यांखाली गेली होती, उरलं होतं दीड एकर. मुलाला तिथं कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या बांधायच्या होत्या आणि मावशी हात लावू देत नव्हत्या. मध्येच मी कडमडलो. म्हटलं, चिंचवडची वीस कुटुंबं सभासद करतो, दर शनिवारी त्यांच्या दारात बिनविषारी भाजीची टोपली. जे पिकेल ते सगळ्यांनी वाटून खायचं, नाही पिकलं तर सगळ्यांनी सोसायचं. मावशींनी मुलाकडून संक्रांतीपर्यंतची मुदत मागून घेतली.

"लोकं माझ्या रानातलं खात्यात म्हनल्यावर रान ठिवीन," त्या मुलाला म्हणाल्या. "न्हाई तर बांध तुझ्या खोल्या."

सभासदांना मातीची फार ओढ. पहिल्याच रविवारी सहकुटुंब आले, मेथीच्या वाफ्यात मांडी घालून फोटो काढले आणि गेले. ती मेथी पुन्हा उभी राहिली नाही. जे पिकेल ते घेऊ म्हणून सह्या केलेली हीच मंडळी तिसऱ्या शनिवारी "परत मुळेच?" म्हणून विचारू लागली, जणू मुळ्यांना ओव्हरटाइम मीच लावला होता.

मग फ्लॉवर आला आणि फ्लॉवरबरोबर अळी. तळवड्याच्या एका कंपनीतले क्वालिटी मॅनेजर आमचे सभासद होते. म्हणजे माझ्याच जातकुळीचे. त्यांनी अळीचा फोटो सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, शेजारी पट्टी ठेवून, आणि खाली लिहिलं, "रूट कॉज कळवा."

दोषाचं मूळ सापडेपर्यंत 'का? का?' विचारत जाणाऱ्या फॉर्मवर अठरा वर्षं माझा हात बसलेला. लगेच लिहिलं. अळी का आली? रासायनिक फवारणी नाही म्हणून. फवारणी का नाही? तुम्ही नको म्हणालात म्हणून. नको का म्हणालात? विष नको म्हणून. ज्यात विष नाही ते अळीही खाते, मग ती का आली हे मला का विचारता? उत्तर पाठवून मी स्वतःवरच खूश झालो. संध्याकाळपर्यंत सहा घरांनी टोपली बंद करायचं कळवलं.

आपल्या आया फ्लॉवर मिठाच्या पाण्यात बुडवून का ठेवायच्या, हे या लोकांच्या गावीही नव्हतं. तिकडे मावशी रोज उजाडता वाफ्यात उकिडव्या बसून एकेक अळी वेचून डब्यात टाकत. हाताला दहा झाडांचा पाला कुजवून केलेल्या दशपर्णी अर्काचा उग्र वास, तो जेवतानाही जात नसे. ग्रुपवर काय चाललंय ते मी त्यांना सांगितलं नाही. धीरच झाला नाही.

भोगीच्या आधीचा शनिवार शेवटचा होता. त्यानंतर सभासद पुढच्या वर्षाचं हो की नाही कळवणार होते. आदल्या संध्याकाळी मी वाफ्यातून फिरलो, एकेक गड्डा पानं सारून तपासला. भोक दिसलं की रिजेक्ट. पास झाले तीन. मग मावशींना म्हटलं, उद्या तुम्ही आराम करा, सगळं मी बघतो. आणि पहाटे पिंपरीच्या मंडईतून वीस पांढरेशुभ्र गड्डे आणून टोपल्यांत घातले. टोपली बंद केलेल्या सहा घरांनाही एकेक पोचवली.

दुपारपर्यंत ग्रुप ओसंडून वाहू लागला. "हीच ती खरी शेतातली चव!" एकीने तर नुसत्या वासावरून ओळखलं म्हणे. मॅनेजरसाहेबांनी लिहिलं, "सुधारणा दिसते. तक्रार क्लोज." वीसच्या वीस घरं हो म्हणाली, रुसलेली सहासुद्धा.

मी गाडी दामटत शेतावर गेलो. "मावशी, रान वाचलं! तुमच्या फ्लॉवरवर सगळे खूश आहेत."

मावशी वाफ्यातच होत्या, डबा घेऊन. त्यांनी एकवार पलीकडच्या टोकापर्यंत नजर टाकली.

"फलावर तर सगळा हितंच हाय," त्या म्हणाल्या. "मग त्यांनी खाल्लं काय?"

मी मंडईचं सांगून टाकलं. वाटलं, हसतील, म्हणतील, बरं केलंस, लोकांची हीच लायकी. त्या हसल्या नाहीत. डब्याचं झाकण लावत राहिल्या, ते नीट बसेना.

"लोकांनी नापास केला आस्ता तर आयकलं आस्तं," त्या म्हणाल्या. "त्यांच्याम्होरं नेलाबी न्हाई. तुमीच नापास केला व्हय, भाऊ?"

आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. पुन्हा करणार नाही म्हटलं, ग्रुपवर खरं लिहितो म्हटलं. लिहिलंही. पण मावशींनी त्याच रात्री मुलाला खोल्यांसाठी हो सांगितलं होतं.

संक्रांत झाल्यावर मुलगा टेप घेऊन फ्लॉवरच्या वाफ्यात उतरला. दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, मी धरलं. मावशी बांधावर बसून बघत होत्या. माप अगदी बरोबर आलं.