त्या देशातली कुसुम

प्रमिलाबाईंना यंदा पंच्याहत्तरावं वर्ष लागलं. त्यांच्या गौरवग्रंथासाठी चार शब्द लिहून द्या, असा निरोप आला आणि मी घाबरले. शाळा मी चौथीपर्यंतच पाहिली. पुढचं वाचन चुलीपुढं बसून आपलं आपण घोटलेलं. पण भीती वाटली तरी उभं राहावं, हे ज्यांनी शिकवलं त्यांच्याविषयीच लिहायचं आहे. तेव्हा मागं कशी सरू?

आमचं गाव मूल या तालुक्याच्या गावापलीकडे, जंगलाला खेटून. बाई इथल्या शाळेतून निवृत्त झाल्या आणि इथेच राहिल्या. माझी त्यांची पहिली ओळख विहारात झाली. पौर्णिमेला बाया जमत आणि बाई काहीबाही वाचून दाखवत. त्या दिवशी एका देशाची गोष्ट चालली होती. तिथं कारभार बायांच्या हाती. साऱ्या गावाचा स्वयंपाक एकाच ठिकाणी, लेकरं साऱ्यांची. एखादी एकटी रस्त्यानं निघाली तर ‘कुठं चाललीस’ म्हणून विचारणारं कुणी नाही. बायांना उंबरा ओलांडायची मुभा नव्हती अशा काळात, शंभराहून अधिक वर्षांमागे, आपल्या देशात आणि परदेशातही बायांनी अशा गोष्टी लिहिल्या, असं बाईंनी सांगितलं.

माझ्या शेजारची सखुबाई म्हणाली, "बाई, त्या देशात वाघ हाये काय?"

बाईंनी कागद चाळले. "नाही गं. कुठंच नाही."

"मंग लिवनारीनं जंगल नाई पाह्यलं."

साऱ्या हसल्या. दुसरी कुणी मास्तरीण असती तर डाफरली असती. बाईंनी ते वाक्य तिथंच टिपून घेतलं. पुढं या गोष्टींवरचं त्यांचं पुस्तक निघालं, त्यात ते सखुबाईच्या नावानिशी छापलेलं आहे. कुणाचं श्रेय कुणाच्या पदरात पडू नये, याला बाई फार जपतात.

त्या पुस्तकातलं मला उमगलं ते असं. या गोष्टींतलं सुख गोधडीसारखं उलटून पाहावं, म्हणजे आतलं अस्तर दिसतं. जिनं बिनधोक रस्ता लिहिला, ती रस्त्याला भीत होती. जिनं बिनचुलीचं घर लिहिलं, तिचा जीव धुरात गुदमरत होता. त्यांनी स्वप्न लिहिलं खरं, पण शिवलं ते भयाच्याच दोऱ्यानं.

आमचं भय कोणतं, हे सांगायला पुस्तक नको. चैत्रात मोहफुलं पडू लागली की फटफटायच्या आधी टोपल्या घेऊन निघावं लागतं. मोह वेचायचा तर वाकावं लागतं, आणि वाकलेलं माणूस वाघाला जनावरासारखंच दिसतं. म्हणून आमच्याकडे रीत आहे. साऱ्या वाकल्या तरी एकीनं उभं राहायचं आणि मोठ्यानं बोलत राहायचं. बोलणं थांबलं की साऱ्यांनी कंबर सरळ करायची. पण एकटी बाई बोलून बोलून किती बोलणार? सखुबाईची पाळी असली की सुनेच्या चुगल्या संपेपर्यंतच आमची राखण.

बाईंच्या कानावर हे गेलं. म्हणाल्या, "मी उभी राहत जाईन. माझ्याजवळ गोष्टी पुष्कळ आहेत."

तेव्हापासून आम्ही मोह वेचला तो त्या देशांच्या गोष्टी ऐकत. तोंडानं निर्भय देश चाललेला आणि पाठीवर काटा उभा, अशी आमची सकाळ.

एका सकाळी माझी सून कुसुम जरा लांबच्या झाडाखाली गेली. दिवस राहिलेले होते, तरी ऐकेना. बाई वाचत होत्या. वाघाची चाहूल लागली की खाकरतात, तशी माकडं खाकरली. आम्ही उभ्या झालो, पण कुसुम खाली मान घालून वेचतच होती. तिच्या बाजूच्या घाणेरीच्या झुडपात मला पट्टे दिसले. ओरडले असते तर पोरगी पळाली असती, आणि पळत्यावर वाघ झेप घेतोच.

बाईंचं वाचन थांबलं नाही. आवाज चढला नाही की उतरला नाही. "आणि त्या देशातली कुसुम आता सावकाश उभी राहिली. तिनं टोपली डोक्यावर घेतली. ती पळाली नाही. बाजूबाजूनं सरकत ती आमच्या आवाजाकडे आली. सासू तिची वाट पाहत होती."

कुसुम उभी राहिली. टोपली डोक्यावर घेतली. एकेक पाऊल सरकत आली. मी तिचा दंड धरला, तोवर घाणेरी हलायची थांबली होती.

नंतर ती मला म्हणाली, "मामी, नाव आयकून मले वाटलं, बाई गंमत करून राह्यल्या. मंग पाह्यलं, कागद तं त्याईच्या पायापाशी पडला होता. हात रिकामा, अन् वाचनं सुरूच."

बाई आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. त्यांनी कुसुमच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मी फार भ्याले गं." पुढं तिचं बाळंतपण होईपर्यंत त्या रोज एक खेप घालून जात.

त्याच आठवड्यात गावाची बैठक झाली. बायांनी जंगलात जाणं बंद करावं, असं ठरत आलं होतं. बाई उठल्या. म्हणाल्या, "भिणाऱ्याला कोंडायचं ही फार जुनी रीत आहे. त्या गोष्टी लिहिणाऱ्या बायाही अशाच कोंडलेल्या होत्या. मोह बंद झाला तर चूल कशी पेटेल, तेही ठरवा."

माझा दिलीप, कुसुमचा नवरा, म्हणाला, "मंग काय आमाले कोंडता, बाई?"

"नाही रे. तू ये आणि उभा राहा. वाचता येतं ना तुला?"

बैठक हसली आणि ठराव बारगळला. दिलीप येऊ लागला. अडखळत वाचतो, बाया त्याला चिडवतात; त्या हसण्यानंही राखण होते.

वाघ गेलेला नाही. बाजूच्या गावात माणूस गेल्याची बातमी अजून येते. यंदा आणखी एक धास्ती लागली. बाईंचा आवाज बारीक झाला आहे. वारा उलटा असला की लांबच्या झाडापर्यंत पोचत नाही, आणि आम्ही घडीघडी कंबर सरळ करून बघतो, त्या आहेत ना म्हणून.

बाई, इतके चैत्र तुम्ही उभ्या राहिलात. मोहाचं एक फूल कधी वाकून वेचलं नाहीत. पुढच्या चैत्रात धडधाकट पायांनी आमच्यासोबत चला आणि तुम्ही वाका. मागं बघू नका. मी उभी असेन, दिलीप उभा असेल, कुसुम वाचेल. तुमची शंभरी भरून वर पाच वर्षं होईपर्यंत आमचं बोलणं थांबायचं नाही.