नळ सोडणारा

वडील गेले त्या दिवशी आमच्या गल्लीत नळ आले. आठवडाभर आले नव्हते.

नळ सोडणारा मला नेहमी दिसायचा. खांद्यावर लांब लोखंडी चावी, कानावर विडी. कुणी विचारलं, “मामा, पाणी?” की न थांबता म्हणायचा, “यायलंय, यायलंय.” टाकी कोरडी असली तरी हेच.

त्या सकाळी तिरडी बांधून झाली होती. तेवढ्यात नळ फुसफुसले आणि रडणाऱ्या बायका, समजूत घालणारे शेजारी, सगळे हंडे घ्यायला पळाले. वडिलांपाशी मी आणि झरीहून आलेले काका एवढेच उरलो. दोघांना तिरडी उचलवणार नव्हती.

तो चावी घेऊन दारात आला.

“माणसं कुठं गेली?”

“पाणी भरायला,” मी म्हणालो.

तो मागे फिरला आणि त्यानं पाणी बंद केलं. गल्लीभर ओरडा झाला.

“मामा, अर्धाच हंडा भरलाय की!”

“आधी मास्तरला पोचवा. तवर थेंब न्हाई!”

मग खांदा द्यायला रेटारेटी झाली. तो चावी घेऊन पुढे चालला आणि माणसं त्याच्यामागे जवळजवळ धावत निघाली. एवढ्या लगबगीनं वडील कधी कुठे गेले नव्हते.

आता घरोघरी बोअर आहे. मयतीला आलेली माणसं शेवटपर्यंत बसतात.