दोषांची वही

मी मास्तर कसा होतो, हे ठाण्याच्या कोर्टात एकदा भर दुपारी मोठ्याने वाचून दाखवण्यात आले आहे. त्यामुळे या बाबतीत खोटे लिहिण्याची सोय मला उरलेली नाही. खरे सांगायचे तर ती सोय मला तरुणपणी फार आवडत असे.

आमचे घराणे ठाण्याच्या खाडीकाठचे, किरिस्तावांचे. भात आणि मासळीवर जगणारे. त्यात शिकलेला मीच पहिला. एका म्हाताऱ्या पाद्रींनी मास्तर तयार करण्यासाठी दोन वर्षांचा वर्ग काढला होता, त्यात मी शिकलो. आम्ही सगळे मिळून सहा जण. दर शनिवारी प्रत्येकाने खऱ्या मुलांपुढे पाठ घ्यायचा, बाकीच्या पाचांनी मागे बसून ऐकायचे आणि मग पाठ घेणाऱ्याच्या वहीत त्याचे फक्त दोष लिहायचे, असा तिथला दंडक होता. स्तुतीला मनाई होती. "स्तुती तुमच्या आया करतील," असे पाद्री म्हणत आणि प्रत्येक पानाखाली सही करून लाल शिक्का मारीत. या वहीला आम्ही दोषवही म्हणत असू. कोणाच्या दोषवहीत पानाला दोन ओळी असत. माझ्या वहीला समास पुरत नसे.

लग्न झाल्यावर बायकोने माझ्या पेटीत ती लाल शिक्क्यांची वही पाहिली. तिला अक्षरओळख नव्हती. "ह्यात काय लिवलंय?" तिने विचारले. मी वही उघडली आणि गंभीर आवाजात वाचू लागलो, "मास्तरांचा आवाज गोड आहे. अक्षर मोत्याच्या दाण्यासारखे आहे. मुले त्यांच्यावर जीव टाकतात." तिचा चेहरा इतका फुलला की मला पुढचेही पान वाचावे लागले. मग घरी पाहुणे आले की ती वही आणून माझ्या हातात देई आणि मी दर वेळी नवी स्तुती रचून वाचून दाखवी. स्वतःची स्तुती सुचायला मला कधी अडचण पडली नाही. वही तिने आपल्या लग्नाच्या लुगड्यात गुंडाळून जपून ठेवली.

पुढे मला कल्याणच्या एका शाळेत हेडमास्तरची जागा मिळाली. पाच वर्षे सुखाची गेली. मग शाळा तपासायला नवे डिपोटी आले, आणि त्यांनी शाळेच्या कमिटीला लिहून कळवले की हेडमास्तर मास्तरकी शिकलेला पाहिजे, आणि हा शिकलेला नाही. पाद्रींच्या वर्गात म्हणे प्रार्थनेपलीकडे काही शिकवत नसत. कमिटीने मला महिनाअखेर जागा सोडायला सांगितले. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून आलेल्या एका गृहस्थाला माझ्या जागी नेमायचे ठरलेही.

मला राग येतो तेव्हा माझे कान आधी लाल होतात आणि अक्कल नंतर येते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी दोन-दोन पायऱ्या ओलांडून चढलो. ठाण्यात एक तरुण वकील मिळाले. ते एका रविवारी आमच्या घरी येऊन ओटीवर बसले आणि म्हणाले, "मास्तर, सरकारी हुकूम आपल्या बाजूचा आहे. खाजगी वर्गही चालतो. दोन वर्षे दर आठवड्याला मुलांपुढे पाठ घेतले, एवढे सिद्ध झाले पाहिजे. काही कागद?"

पाद्री वारले होते, वर्ग बंद पडला होता, हजेरीचे पुस्तक कोणाला सापडत नव्हते. सोबत्यांपैकी दोघे आफ्रिकेत, एक आगबोटीवर, बाकीच्यांचा पत्ता नाही. उरला होता एकच कागद, आणि तो लुगड्यात होता.

"काही नाही," मी म्हणालो.

माझी भाकरी जात होती, आणि तरीही मी नाही म्हणालो. त्या वहीतले वाचले गेले तर कल्याणात मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हे खरेच. पण मला कल्याणाची इतकी पर्वा नव्हती. मला भीती होती ती दाराआड उभ्या असलेल्या एका माणसाची.

खटल्याच्या दिवशी बायको म्हणाली, मीही येणार. आम्ही कल्याणहून आगगाडीने ठाण्याला गेलो. कोर्टाच्या पडवीत वकील भेटले, त्यांनी बगलेतून माझी दोषवही काढली आणि हसून म्हणाले, "अहो, ही असताना नाही कशाला म्हणालात? वहिनी परवा स्वतः आणून देऊन गेल्या."

मी बायकोकडे पाहिले. "तुमी लाजाळू," ती म्हणाली. "आपली स्तुती आपन कशी दावनार? म्हनून मीच दिली." ती पडवीत, दाराला लागून बसली. आतले सगळे तिथे ऐकू येत होते.

वही पुढे आली तशी कमिटीच्या वकिलांनी ती मागून घेतली. ते जुने, नावाजलेले, खणखणीत आवाजाचे. दोन पाने चाळताच त्यांचे डोळे चमकले. "रावसाहेब," ते जज्जांना म्हणाले, "वादीने आपला पुरावा आणलाय, तो आपण ऐकावाच." आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली.

"प्रश्न विचारतो आणि मुलाने तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर देतो. नकाशाकडे पाठ करून उभा राहतो व कोकण म्हणून कर्नाटकावर हात ठेवतो. हुशार मुलाकडे पाहूनच शिकवतो, मागची रांग त्याला दिसत नाही. आवाज फाटका आहे. चिडला की कान लाल होतात व मुले त्याचीच वाट पाहतात."

कारकून खाली मान घालून हसत होते. सगळे माझ्या कानांकडे बघत होते, आणि कान आपले काम करीत होते. वकिलांना चेव चढला. "चूक झाली की कबूल न करता विषय बदलतो!" ते गरजले. "आणि हे एका दिवसाचे नव्हे, रावसाहेब! दोन वर्षांत एक शनिवार असा गेला नाही की या गृहस्थाने मुलांपुढे उभे राहून घोटाळा केला नाही! पानापानावर पाद्रींची सही आहे!"

जज्ज शांतपणे म्हणाले, "म्हणजे याने दोन वर्षे दर शनिवारी पाठ घेतला, हे आपल्याला मान्य आहे?"

वकिलांनी घाईघाईने वही मिटली. मग त्यांनी ती खरी कशावरून, असे विचारून पाहिले. जज्ज म्हणाले, "खोटी वही करणारा माणूस स्वतःबद्दल असे लिहीत नाही." ते ऐकून मला जमिनीत शिरावेसे वाटले, कारण खोटी वही कशी करतात हे त्या खोलीत एकट्या मलाच ठाऊक होते.

निकाल माझ्या बाजूने झाला. पुण्याच्या गृहस्थांना दुसरीकडे चांगली जागा मिळाली, आणि मी हेडमास्तर राहिलो.

पण हे सगळे मला त्या दुपारी गोड लागले नाही. आम्ही तलावाच्या काठावर भाकरी खायला बसलो. भाकरीचे दोन तुकडे खाऊन झाल्यावर बायकोने विचारले, "गोड आवाजाचं पान कंचं?"

विषय बदलायला मला तलावातली बदके दिसत होती. मी ती सोडली. "तसे पान नाही," मी म्हणालो. "एकही नाही."

तिने भाकरी संपवली, हात धुतले, पदराला पुसले. "मना वाचाया शिकवा," ती म्हणाली. "उद्यापासून."

मी शिकवू लागलो. तिच्याइतका कडक विद्यार्थी मला जन्मात भेटला नाही. मी घाईने उत्तर सांगितले की ती पाटी उलटी ठेवी आणि पुन्हा विचारायला लावी. वर्षभरात ती जोडाक्षरांपर्यंत आली. शाळेतले माझे वर्गही त्या वर्षी बरे चालले, असे लोक म्हणत; मी त्याचे कारण कोणाला सांगितले नाही.

मग एका दुपारी ती लुगड्यातली वही काढून उंबऱ्यावर बसली. ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवीत तिने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळे वाचले. मी समोर बसून बोरू तासत होतो. तासण्यासारखे त्यात काही उरले नव्हते. शेवटी तिने वही मिटली आणि माझ्याकडे पाहिले.

"येवढंच?" ती म्हणाली. "मना वाटलेलं, कायतरी नवं असंल."