वेशीतला कट्टा

"सगळे अडकले," जेसन म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा आनंदच होता.

माझ्या लॅपटॉपवर लाल ठिपक्यांचा गोळा झाला होता. एक ठिपका म्हणजे एक माणूस. दरवाज्याच्या पहिल्याच वळणावर ही माणसं एकमेकांना चिकटली होती आणि त्यांच्या मागची रांग लॉबीतल्या एस्कलेटरपर्यंत पोचली होती. एस्कलेटरला पुढचं काही दिसत नाही. जागा असो नसो, तो माणसं आणून सोडतच राहतो. म्हणून तिथपर्यंत रांग जाणं धोक्याचं. जेसन म्युझियमचा ऑपरेशन्स मॅनेजर. धोका दिसला की त्याला पगाराचं चीज झाल्यासारखं वाटतं.

"वळणं काढून टाक. सरळ कर. सिम्पल, लाह," तो आपल्या सिंगापुरी लकबीत म्हणाला.

टेबलापलीकडे डॉक्टर रोहाना बसल्या होत्या. त्या प्रदर्शनाच्या क्युरेटर, म्हणजे काय मांडायचं आणि कसं मांडायचं हे ठरवणाऱ्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"जरूर सरळ करा. मग बाहेर 'कॉरिडॉर' असा बोर्ड लावा. फक्त त्यावर माझं नाव घालू नका."

आता माझ्याबद्दल. मी पुण्याची, राहते सिंगापुरात, बिशानला आणि काम करते गर्दीचं. स्टेशन, मॉल, स्टेडियम, जिथे पुष्कळ माणसं येतात तिथे ती कुठे तुंबतील हे बांधकामाच्या आधी शोधून द्यायचं. त्यासाठी कॉम्प्युटरवर खोटी माणसं चालवून बघतात. त्याला सिम्युलेशन म्हणतात. आईला इतकी वर्षं समजावूनही ती शेजारी सांगते, "मृणाल तिकडे ट्रॅफिक पोलिसात आहे." मी सांगणं सोडून दिलंय.

प्रदर्शन होतं मध्ययुगातल्या तटबंदीच्या शहरांवर. हॉलच्या तोंडाशी मोरोक्कोतल्या एका जुन्या शहराची वेस हुबेहूब, खऱ्या मापात उभी करायची होती. दोन बुरूज, मधे घोड्याच्या नालेसारखी कमान आणि आत अंधारा बोळ. तो बोळ सरळ जात नाही. डावीकडे वळतो, मग उजवीकडे. आपल्याकडचे किल्ले ज्यांनी पाहिलेत त्यांना हे नवीन नाही. शत्रूला धावत येता येऊ नये, दरवाजा फोडायचा ओंडका आत वळवता येऊ नये, आणि वळणावर तो गोंधळला की वरून त्याचा समाचार घ्यावा, अशी ती योजना. थोडक्यात, माणसं अडकावीत म्हणूनच हे बांधलेलं. आणि माणसं अडकू नयेत म्हणून मला पगार. आमची गाठ पडायला नको होती.

आग वगैरे लागली तर बाहेर पडायला बाजूला वेगळी वाट होती, त्यामुळे ती काळजी नव्हती. प्रश्न रोजच्या ये-जा करणाऱ्यांचा होता. आत येणारे आणि बाहेर जाणारे, दोघंही ह्याच वेशीतून.

जेसन फोनसाठी बाहेर गेला तेव्हा डॉक्टर रोहाना म्हणाल्या, "मृणाल, हे माझं शेवटचं प्रदर्शन. पुढे रिटायरमेंट. आयुष्यभर ह्या दरवाज्यांचा अभ्यास केला, आणि शेवटी एक भोक पाडलेली भिंत दाखवून घरी जायचं?"

मी आपलं तांत्रिक विचारलं. "पण शांततेच्या दिवसांत गावातले लोक कसे जायचे? रोज तर लढाई नव्हती."

"अर्थातच नव्हती! रोज सकाळी दरवाजा उघडायचा. भाजी, लाकडं, मेंढ्या, लग्नाच्या वराती, सगळं ह्याच वळणांतून जायचं. जकातवाले जकात घेत बसायचे. कुणी पाहुण्याची वाट बघत बसायचं."

"बसायचं? कुठे?"

"वळणावरच्या कोनाड्यात. दगडी बाकावर." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "माझ्या मूळ ड्रॉइंगमध्ये दोन्ही वळणांवर कोनाडे होते. तुमच्या ऑफिसने बुजवले."

बुजवले होते खरे. आमच्या धंद्याचा पहिला नियम आहे: वाटेतलं सामान काढा. कोनाडा दिसला की आम्ही हात शिवशिवल्यासारखे तो सपाट करतो. पण त्या "बाकावर" म्हणाल्या आणि मला एकदम आपल्या किल्ल्यांतल्या देवड्या आठवल्या. दरवाज्यातून आत शिरलं की बाजूला पहारेकऱ्यांसाठी कट्ट्यासारखी जागा असते ना, ती. ट्रेकला गेलो की आम्ही डबे तिथेच उघडायचो, आणि मागून येणारे ग्रुप आमच्या समोरून खुशाल निघून जायचे. कधी कुणाची वाट अडल्याचं आठवत नाही.

ह्यामागे एक साधी गोष्ट आहे. वळणावर माणूस नेहमी आतल्या कोपऱ्याला घासून जातो, कारण ते जवळ पडतं. बाहेरचा कोपरा रिकामा राहतो. देवडी बरोबर त्या रिकाम्या कोपऱ्यात असते.

जेसन परत आला तेव्हा मी कोनाडे उघडून, त्यात बाक ठेवून बघायची ट्रायल मागितली. सुताराने प्लायवूडची वेस गोदामात उभी केलेलीच होती. जेसनने जमिनीवर पिवळी टेप लावली आणि म्हणाला, "हा एस्कलेटर. एक फेरी आहे तशी, एक तुझ्या बाकांसकट. दुसऱ्या फेरीतही रांग टेपला लागली, तर वळणं गेली. डील?"

डॉक्टर रोहानांनी माझ्या आधी मान डोलावली.

आता माणसं हवी होती. ऑफिसचे सहकारी कामाचे नव्हते. ते MRT त, म्हणजे इथल्या मेट्रोत, चालतात तसे चालतात, मुकाट आणि शिस्तीत. मला थांबणारी, रेंगाळणारी, मधेच मागे फिरणारी माणसं हवी होती. अशी माणसं सिंगापूरभर शोधत हिंडायची गरज नव्हती. मी मराठी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला. खाली लिहिलं, "नंतर बटाटेवडे."

रविवारी गोदाम भरलं. नोकरीवाली जोडपी, बाबागाड्या, पुण्याहून लेकीकडे आलेले आजी-आजोबा आणि बेडोकच्या कुंदामावशी. मावशी इथे इतकी वर्षं आहेत की मंडळात त्यांना न ओळखणारा माणूस नवीन समजावा. अर्ध्यांना आत सोडलं, अर्ध्यांना बाहेर. येणारे आणि जाणारे वळणावर भेटले.

झालं. "अगं, तू कधी आलीस?" "निघालातसुद्धा?" "निघतोच आहे, पण ऐक ना." आपल्याकडे तीन तास सोफ्यावर बसून जे बोललं जात नाही, ते निघताना दारात उभं राहून, एक चप्पल घातल्यावर बोललं जातं. इथे तर त्यांना चांगला ऐसपैस दरवाजाच मिळाला होता. रांग टेप ओलांडून गोदामाबाहेर गेली. मागून एक कार्टं MRT तल्या अनाउन्समेंटच्या सुरात ओरडलं, "प्लीज मूव्ह इन!" कुणीही हललं नाही.

"पण त्या बाईंनी मघाशीच बाय म्हटलं ना?" जेसनने विचारलं.

"हो."

"मग?"

"ती सुरुवात असते."

दुसऱ्या फेरीआधी सुताराने कोनाड्यांवरचे प्लाय काढले आणि आत खोके ठेवून बाक केले. डॉक्टर रोहाना भिंतीला टेकून उभ्या होत्या, हाताची घट्ट घडी घालून. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

माणसं सोडली. वळणावर पुन्हा गाठी पडल्या, पुन्हा "अगं" आणि "अहो" सुरू झालं. तेवढ्यात कुंदामावशींना बाक दिसला. "इथे बस गं, गुडघे बोलायला लागले माझे," असं म्हणून त्या बसल्या. त्यांच्याशी बोलणारी बसली. तिची सासू बसली. पलीकडच्या वळणावर आजोबा मंडळींनी दुसरा बाक पकडला. आणि बाकीचे आतल्या कोपऱ्याला घासून, बाबागाड्यांसकट, सुळसुळत निघून गेले. गप्पा तेवढ्याच होत्या, फक्त वाटेतून उठून कोपऱ्यात गेल्या होत्या. रांग टेपच्या बरीच अलीकडे राहिली.

जेसन मात्र अजून हटून होता. "हे तुझे लोक. इथले लोक बाकावर बसणार नाहीत. उभे राहून फोटो काढतील."

त्याच वेळी कुंदामावशी पाणी प्यायला उठल्या. उठताना त्यांनी पर्समधून टिश्यूचं पाकीट काढलं आणि बाकावर आपल्या जागी ठेवलं. अगदी सवयीने, बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, ठेवतात तसं. तिथे टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून खुशाल जेवण आणायला जायचं. त्याला 'चोप' करणं म्हणतात. ती जागा मग तुमची, कुणी हात लावत नाही.

जेसन त्या पाकिटाकडे बघत राहिला. मग तो इतका हसला की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला आणि आख्खी वेस हलली.

"चोप केलं! म्हणजे जागा चांगली आहे. ओके, ओके. आमची माणसंपण बसणार." त्याने खाली वाकून टेप उचकटली. "वळणं राहू देत."

डॉक्टर रोहानांनी मला मिठी मारली. त्यांचे डोळे भरून आले होते, माझेही. इतक्या वर्षांत माझ्या रिपोर्टवरून कुणी मला मिठी मारली नव्हती. मग बटाटेवडे आले आणि सगळेजण ते खायला पुन्हा वेशीतच थांबले.

प्रदर्शन उघडलं त्या दिवशी मी मुद्दाम गर्दीच्या वेळी गेले. येणारे येत होते, जाणारे जात होते, एस्कलेटरचं तोंड मोकळं होतं. पहिल्या वळणावरच्या बाकावर एक आजोबा डुलकी काढत होते आणि त्यांच्या शेजारी टिश्यूचं एक पाकीट होतं. म्युझियमचा एक कर्मचारी ते उचलायला पुढे झाला. डॉक्टर रोहानांनी त्याला थांबवलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "पहारेकरी चहाला गेलाय."

हल्ली कुठलंही ड्रॉइंग हातात आलं की मी आधी बाक शोधते, आणि नसेल तर आखते. ऑफिसात हसतात. पण दारात माणसं थांबणारच. कुठे थांबतील, एवढंच आपल्या हातात असतं.