आग कुठे लावली?

ती घटना आठवली की आजही घशात धूर भरल्यासारखं होतं. निवृत्तीनंतर मी पिंपळे गुरवला राहतो. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर कोणी पालापाचोळा पेटवला, तरी खाली उतरून हटकतो. बायको म्हणते, वर्दी गेली पण चौकशी काही गेली नाही. खरं आहे तिचं.

चाकण पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. एप्रिल संपत आला होता. दुपारी महाळुंग्याजवळच्या एका गावातून फोन आला की डोंगराला वणवा लागलाय आणि लावणाऱ्याला लोकांनी धरून ठेवलंय. दुसरं वाक्य ऐकलं आणि पहिलं मी विसरलो. जमावाने धरलेल्या माणसाचं काय होतं, ते मी नोकरीत बरंच पाहिलं होतं. स्टेशन डायरीला नोंद करायला सांगून चार अंमलदार घेतले आणि निघालो.

गाव डोंगराच्या पायथ्याला. एका अंगाला कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या, त्यांना लागून माल रचायच्या लाकडी पॅलेटचं गोदाम. वळवाचं वारं सुटलं होतं. आभाळ भरून आलेलं, पण थेंब पडायचं नाव नाही. खोल्यांचे पत्रे धडधडत होते आणि बायका पोराबाळांना घेऊन, गॅसच्या टाक्या ओढत रस्त्यावर येत होत्या. डोंगर तर दिसतच नव्हता, नुसता धूर दिसत होता. अग्निशमनची गाडी आली होती, पण वर गाडीवाट नसल्याने ती गोदामाजवळच उभी होती.

धरलेला माणूस परभणीकडचा, एका कंपनीत कंत्राटी कामाला. शर्ट फाटलेला, ओठातून रक्त येत होतं. तो डोंगराकडे पळताना सापडला होता आणि खिशात लायटर निघाला होता. गावाला एवढं पुरेसं होतं. खरं सांगायचं तर मलाही पुरेसं वाटलं. मी त्याला जमावातून काढून गाडीत बसवला, दार लावलं आणि चौकशी सुरू केली. लायटर कशाला? विडीला. डोंगराकडे का पळत होतास? तेव्हा तो रडायलाच लागला.

"साहेब, माझं काय बी करा, पन आधी वर चला. बायको सरपणाला गेलीय. वरच हाय ती."

सकाळची शिफ्ट करून तो घरी आला, तर खोलीला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, डोंगरावर गेलीय. फोन लागत नव्हता. हे सगळं त्याने मला तेव्हाच सांगितलं होतं. पण संशयित माणूस सुटण्यासाठी बोलण्यात आईला मारतो, मुलाला आजारी पाडतो, हा माझा अनुभव होता. मी पुन्हा विचारलं, आग का लावलीस? आवाज चढवला. दमही दिला. अशी वीस मिनिटं गेली.

मग अग्निशमनच्या अधिकाऱ्याने गाडीची काच ठोठावली. वर अडकलेली आणखी एक बाई आत्ताच खाली आली होती आणि याची बायको वरच राहिल्याचं तिने सांगितलं होतं. माझी पाचावर धारण बसली. मी म्हणालो, चला वर. अधिकारी म्हणाला, कुठून चढणार? आग चढाला पळते, त्यात वारं फिरतंय. जिथे पहिल्यांदा पेटली तिथलं गवत आता जळून संपलं असेल, माणूस फक्त तिथे उभा राहू शकतो. ती जागा धुरामुळे खालून कळत नाही. ती लावणाऱ्यालाच ठाऊक.

म्हणजे मी वीस मिनिटं प्रश्नच चुकीचा विचारत होतो.

बाहेर येऊन जमावाकडे पाहिलं. सगळे डोंगराकडे बघत होते. एक म्हातारा मात्र खाली मान घालून गोदामाच्या कुंपणाला टेकला होता. त्याच्या धोतराला काजळी लागली होती. मी त्याच्याकडे न बघता सगळ्यांना म्हणालो, "आग कोणी लावली ते मला आत्ता नको. कुठे लावली तेवढं सांगा. वर बाईमाणूस आहे."

मग म्हातारा पुढे आला.

"म्हसोबाच्या खालच्या अंगाला, साहेब. म्याच लावली. चला, वाट दावतो."

चढता चढता तो सांगत होता. गवत जाळलं की पुढल्या वर्षी जोमाने येतं, असं गाव पिढ्यान् पिढ्या मानत आलंय. पण जाळायचं ते सकाळी, वारं नसताना, आणि ओल्या डहाळ्या घेऊन चार माणसं सोबत. यंदा पोरांना सुट्टी मिळाली नाही, सगळी शिफ्टला. त्याने वाट पाहिली, ऊन वर आलं, आणि एकट्यानेच काडी ओढली. दुसऱ्याच माणसाला धरलेलं पाहूनही भीतीने तोंड उघडलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला सुळी देणाऱ्यांत मीही होतो, त्यामुळे त्याला काय बोलणार?

मी, म्हातारा आणि गाडीतून सोडलेला नवरा, ओल्या पोत्यांनी तोंडं झाकून आम्ही ओढ्यातून चढलो. म्हसोबापाशी जमीन काळी होती आणि बुटातून चटका लागत होता. तिथून ती दिसली. पन्नासेक पावलांवर, सुक्या गवतात, माथ्याकडे चढत होती. आमच्या आणि तिच्या मधे गुडघ्याएवढी जाळाची पट्टी होती, आणि खालून मोठी आग माथ्याकडेच निघाली होती. आगीपासून लांब पळावं एवढंच तिला कळत होतं. तेच तिला मारणार होतं.

"वर जाऊ नगं बाई! जाळातनं हिकडं ये!" म्हातारा ओरडला. ती थांबली, पण आली नाही. अनोळखी माणूस जाळात बोलावतोय, कोण येईल? माझं ओरडणंही तिने ऐकलं नाही. वारं फिरलं आणि धुरात ती दिसेनाशी झाली. तेवढी भीती मला कुठल्या बंदुकीसमोर वाटली नव्हती.

नवरा पोतं टाकून जाळाच्या कडेला गेला. ओरडला नाही फारसा.

"अगं, मी हाय. पदर तोंडावर घे अन् ये."

ती आली. पदर तोंडावर घेऊन, धावत, जाळातून. पाय भाजले, पातळाचा काठ पेटला, तो त्याने हातांनी विझवला. थोड्याच वेळात ती जिथे उभी होती तो सगळा उतार पेटला. आम्ही चौघे काळ्या जमिनीवर बसून ते पाहत होतो. पाऊस संध्याकाळी आला.

म्हाताऱ्याचा जबाब घेतला, पंचनामा झाला, वन खात्याने गुन्हा दाखल केला. त्याने स्वतःहून वाट दाखवली हेही कागदावर आणलं. नंतर उन्हाळ्याआधी मी गावोगाव बैठका घेतल्या. प्रत्येक ठिकाणी तरुण पोरं म्हणायची, आम्ही शिफ्टला असतो, साहेब. त्यांचंही खोटं नव्हतं.

पोलिसाला शिकवतात की आधी आरोपी शोधा. या प्रकरणाने मला उलटं शिकवलं: आधी विचारा, अजून कोण अडकलंय. हे शहाणपण फुकट मिळालं नाही, पण त्याची किंमत मी नाही, त्या नवराबायकोने मोजली.

वणव्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्या दोघांच्या जबाबाला गेलो होतो. तिच्या पायांना पट्ट्या, त्याच्या हातांना पट्ट्या. मी माफी मागायचं ठरवून गेलो होतो. शब्द जुळवत उभा राहिलो, तोच त्याने विचारलं, "साहेब, पाणी घेता?" मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "म्या पहिल्यांदाच सांगितलं व्हतं तुमाला."