कप्तानाचा चेहरा

"हिला जरा चालून दाखव."

सरनं, म्हणजे आमच्या डायरेक्टरनं, सगळ्यांसमोर म्हटलं. रायपुरात, भनपुरीतल्या एका गोदामात आमच्या सिनेमाचा सेट होता. थर्माकोलचं अंतराळयान, वरून चंदेरी रंग. मी दुसऱ्या भागाच्या कपड्यांचं माप द्यायले आली होती. पाहते तर माझी वर्दी घालून एक गोरी पोट्टी उभी. टेलर तिच्या कमरेले टाचण्या लावून राहिला होता.

"तुझा रोल आता ही करणार आहे. पब्लिकला तुझी चाल आवडली होती. ती हिला जमत नाही. दाखव."

मी चालली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. तीनदा. लाइटवाले, मेकअपवाली, सगळे पाहून राहिले होते. ती पोट्टी माझ्या मागं मागं चालत होती. हसू दाबत.

राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झाली, तसे इथं छत्तीसगढी सिनेमे धडाधड बनायले लागले. आमचा सगळ्यांत वेगळा. दोनशे वर्षांनंतरची गोष्ट, तीन भागांत. पहिल्या भागात मी यानातली मिस्त्री होती. पाइप साफ करणारी, नट आवळणारी. हिरोइन दुसरीच. तरी गावोगावच्या टॉकीजमध्ये शिट्ट्या पडल्या त्या मले. पाना कसा धरायचा ते बाबानं शिकवलं होतं. बाबा रेल्वेत फिटर, चंद्रपूरकडून आलेला. आम्ही महार. सरले ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आडनाव त्यानं दोनदा विचारलं होतं.

"मले काहून बदललं, सर?"

सर जुन्या मराठी घरातला, पुरानी बस्तीतला. बोलणं गोड.

"राग मानू नकोस. या भागात ती मिस्त्री कप्तान होते. पाना हातात तू शोभतेस गं. पण कप्तान कप्तानासारखी दिसायला हवी."

दोनशे वर्षांनंतरचं जग लिहिलं त्यानं. माणसं ताऱ्यांपर्यंत नेली. आणि कप्तानाचा चेहरा मात्र आपल्या घरातला ठेवला. हे मले तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी "हो सर" म्हटलं.

घरी बाबा जेवत होता. मी सगळं सांगितलं. त्याचा हात ताटातच थांबला.

"रोल गेला तं गेला. पण तू चालून काहून दाखवलं?"

मी त्याच्या ताटात भात वाढला.

काही महिन्यांनी सरचा फोन. त्या पोट्टीले छत्तीसगढी बोलता येत नव्हती. "चेहरा तिचा राहील, आवाज तुझा दे. नाव मात्र लावता येणार नाही."

मी गेली. हो, तरीही गेली. सांगायले लाज वाटते. वाटलं, आवाज तरी राहीन पडद्यावर.

पंडरीच्या बाजारात कपड्याच्या दुकानांवर एक खोली होती, तिथं डबिंग. मी हेडफोन घातला. पडद्यावर ती माझी चाल चालून राहिली होती. जराशी चुकवून. दोन सीन मी बोलली. तिसऱ्यात कप्तानाले जुनं आठवते. पहिल्या भागातलाच सीन. दरवाजाच्या पलीकडं आग, आणि मिस्त्री ओरडते, "दरवाजा झन खोल!" उघडू नको.

मी माझ्या चेहऱ्याची वाट पाहून राहिली. तो आलाच नाही. तो सीनही तिच्यावर पुन्हा शूट केला होता. मिस्त्री वाटावी म्हणून तिच्या गोऱ्या तोंडाले काळं फासलं होतं.

पुढचं तं नेलंच. झालेलंही पुसलं.

"बोल," काचेमागून सर.

सीन तसाच पुढं निघून गेला.

"अगं बोल ना!"

मी हेडफोन काढला. "नाही बोलत, सर. आधीचे दोन सीनही पुसा."

"तुमच्यासारख्यांना संधी दिली, तेच चुकलं माझं."

"आमच्यासारखे म्हणजे कोण?"

सरनं समोरचे कागद चाळले.

"सांगा ना सर. मशीन चालू आहे."

सरनं साउंडवाल्याले हात केला. त्यानं मशीन बंद केली. मले उत्तर भेटलं.

मी जिना उतरली. शौर्य-बिर्य काही वाटलं नाही. खाली येऊन दुकानाच्या पायरीवर बसली, आणि घरी जायचे पैसे मोजले.

सिनेमा लागला. आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी. चालला. मले दोन वर्षं कोणी बोलावलं नाही. मी साड्यांच्या दुकानात घड्या घालून राहिली होती. कितीदा वाटलं, बोलून टाकलं असतं तं काय बिघडलं असतं? अजूनही वाटते कधी कधी. खोटं काहून सांगू.

परवा एका जाहिरातीसाठी बोलावणं आलं. झाडूवालीचा रोल. टेबलावर त्याच जाहिरातीतल्या कलेक्टरबाईचे संवाद पडले होते. मी तो कागद उचलला.

"दीदी, वो आपका नहीं है," तिथला माणूस म्हणाला.

"मालूम आहे. वाचल्याबिगर जात नाही."

आणि वाचला. उभ्यानं, पुरा. कलेक्टरबाईचा रोल दिला नाही त्यांनी. झाडूवालीचा मी घेतला नाही. पुढं कोणी बोलावलं तरी आधी मोठ्या रोलचाच कागद उचलीन. बाहेर काढायचं असन तं हाताले धरून काढा. मी आपल्या पायांनी निघणार नाही.