आनी महिन्यातला ज्वालामुखी

"सार, फुटणार की नाही, एवढंच सांगा," तहसीलदार तिसऱ्यांदा म्हणाले.

तिरुवैयारुजवळच्या एका खेड्यात आम्ही कालव्याच्या काठी उभे होतो. कालव्यात नुकतंच कावेरीचं नवं पाणी आलं होतं. काठावरच पंपासाठी बोअर खोदलेलं. त्यातून पाण्याऐवजी करडा चिखल उसळत होता, आणि काडी ओढली की वर निळी ज्योत धरायची. मद्रासच्या एका पेपराने 'तंजावरात ज्वालामुखी' असं छापून टाकलं होतं. साठचं दशक नुकतं सुरू झालं होतं. परदेशातल्या एका बेटावर, ज्वालामुखीच्या ऑब्झर्व्हेटरीत ट्रेनिंग घेऊन मी परतलो होतो. ऑफिसात माझं नावच 'व्होल्कॅनो राव' पडलेलं. साहेब म्हणाले, "राव, तुमच्याच गावाकडचं आहे, तुम्हीच जा."

त्या खेड्यात माझी थोरली बहीण दिलेली होती. येत्या शुक्रवारी अक्काच्या मुलीचं, चंपाचं, लग्न. तमिळ पंचांगातला आनी, जून-जुलैचा महिना, संपत आला होता. पुढे आडी महिना लागणार, त्यात आमच्या तंजावरच्या मराठी घरांतही लग्नं होत नाहीत; आणि नवरदेव तर लगेच बोटीने मलायाला निघणार होता. हा मुहूर्त हुकला की लग्नच लांबणीवर.

तहसीलदारांना हे कळलं होतं. "गाव खाली करा म्हटलंत तर तुमच्याच घरचं कार्य मोडतं, म्हणून पुन्हापुन्हा विचारतो," ते सौम्यपणे म्हणाले. मला राग आला, कारण त्यांचं काही चुकत नव्हतं.

ज्वालामुखी न सांगता फुटतो, असं लोकांना वाटतं. बहुतेक वेळा तो आधी सांगतो. आतला तप्त रस वर चढू लागला की बारीक बारीक हादरे बसतात. डोंगराचं अंग फुगतं. जमीन तापते. धुराचा वास बदलतो, गंधक वाढतं. आमचं काम म्हणजे आजाऱ्याच्या उशाशी बसणं. ताप बघायचा, नाडी बघायची, कालच्यापेक्षा आज काय बदललं ते बघायचं.

तसंच इथे केलं. चिखल जेमतेम कोमट. गंधकाचा वास नाही. हादरे टिपणारा सिस्मोग्राफ अक्काच्या परसात ठेवला. त्याने बैलगाड्या इमानेइतबारे टिपल्या, लग्नाच्या पिठासाठी चाललेलं कांडणही टिपलं. जमिनीच्या पोटातलं काही नाही. मी मनातल्या मनात मांडवात जाऊन बसलो.

राहिलं फुगणं. त्यासाठी टिल्टमीटर. दोन भांडी लांब नळीने जोडायची आणि पाणी भरायचं. जमीन ज्या बाजूने उचलते, त्या बाजूच्या भांड्यातलं पाणी उतरलेलं दिसतं. एक भांडं बोअरजवळ ठेवलं, दुसरं लांब शेतात. दुसऱ्या सकाळी बोअरकडचं पाणी उतरलेलं. संध्याकाळी आणखी. तिसऱ्या सकाळी त्याहून. म्हणजे बोअरकडची जमीन फुगत होती.

साहेबांना ट्रंककॉल लावला.

"राव, तिथे बहीण नसती तर काय सांगितलं असतं?"

"गाव खाली करा म्हणून."

"मग?"

"संध्याकाळपर्यंत वेळ द्या, सर."

अक्काकडे गेलो. पुढे मांडवाचे वासे उभे राहत होते. कॉफीचा पेला पुढे करत तिने मला घरच्या लाडक्या नावाने हाक मारली.

"ये रे अंबी, कापी घे. मामा तू. पोरीला मांडवात आणायचं तूच. चिखल काय बघत बसलास की?"

"अक्का, चंपाचं कल्याण तंजावरात मांडव घालून करता येईल काय?"

तिने वाशांकडे पाहिलं. मग म्हणाली, "तू ऊठ म्हटलंस तर उठीन रे मी. पण नीट बघून सांग."

बाहेर कोणी ऐकू नये म्हणून मी मागचं दार ओढलं. लागेना. खांद्याने रेटलं. वरचा कोपरा चौकटीत अडकला होता.

"राहू दे. परवापासनं अडकतंय," अक्का म्हणाली.

मी तिथेच थबकलो. आमच्या लहानपणीच्या घराचं मागचं दार आनीत असंच अडायचं. सुतार रंधा घेऊन आला की अप्पा त्याला हाकलायचे. "तासू नको. नदी आलीय. गेली की दार लागेल." पाटात पाणी दिसायच्याही आधी आम्ही दप्तरं टाकून ते दार ढकलून बघायचो. अडलं की "नदी आली!" ओरडत गल्लीभर पळायचो. तसा आनंद मला पुढे एकाही प्रमोशनने दिला नाही.

इथली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, वरची घरं जराशी तिरकी होतात, दारं अडतात. बोअर कालव्याच्या काठावर. कालवा भरला, काठ फुगला. पहिल्याच दिवशी मी त्या पाण्यात पाय सोडून मजेत बसलोही होतो!

पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे. बोअरपासून दूर, नारळीच्या बागेत, काठाजवळ दुसरी नळी लावली. तिथे ना चिखल, ना ज्योत. तरी संध्याकाळी कालव्याकडच्या भांड्यातलं पाणी उतरलं होतंच.

"म्हणजे जमीन फुगवतंय कोण?" तहसीलदारांनी विचारलं.

"कावेरी."

"तिला काही गाव खाली करायची नोटीस देता येत नाही," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले.

ज्योत होती ती जुन्या पाणथळीत गाडल्या गेलेल्या, कुजलेल्या पाल्याच्या गॅसची. बोअर बुजवलं. शुक्रवारी मी चंपाला हाताला धरून मांडवात आणलं. तहसीलदार पहिल्या पंगतीला होते.

तेव्हापासून कुठेही यंत्र लावण्याआधी मी विचारतो, इथे दरवर्षी या दिवसांत काय होतं? अर्ध्या धोक्यांचा निकाल तिथेच लागतो.

आता अप्पा नाहीत, अक्काही नाही. मी मद्रासला फ्लॅटमध्ये राहतो. आनी लागला की न चुकता मागचं दार ओढून बघतो. ते अगदी सुरळीत लागतं. मला फार वाईट वाटतं.